दूरस्थ सर्व्हरची किल्ली
पेढीचा लिनक्स सर्व्हर दूरदेशी असला, तरी त्याचा कारभार पाहणारा तंत्रज्ञ घरबसल्या त्यात प्रवेश करतो, ही सोय आज नित्याची वाटते. परंतु पूर्वीच्या टेलनेट पद्धतीत परवलीचा शब्द उघडाच प्रवास करी. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर असे शब्द चोरले गेले, तेव्हा तेथील संशोधक तातू इलोनेन यांनी सुरक्षित प्रवेशासाठी ‘एसएसएच’ रचले. १९९९ मध्ये ओपनबीएसडी या संगणक-प्रणालीच्या मंडळींनी त्याची मुक्त आवृत्ती, ओपनएसएसएच, सिद्ध केली. तिची खुबी विलक्षण आहे: परवलीच्या शब्दाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते; त्यातली सार्वजनिक किल्ली सर्व्हरच्या दप्तरी एका ओळीत नोंदलेली असते, खासगी किल्ली तंत्रज्ञाच्या संगणकाबाहेर जातच नाही, जाते ती केवळ त्या भेटीपुरती तिची स्वाक्षरी, आणि ती पडताळूनच सर्व्हर दार उघडतो. तंत्रज्ञ नोकरी सोडून गेल्यावरही ती ओळ खारीज न करणे, ही हयगय मला अत्यंत चिंताजनक वाटते.