एक्सप्लेनर : जुना जेसीबी, ट्रॅक्टर बदलायला सरकार पैसे देते का? जाणून घ्या काय मिळते, काय नाही

सोलापूर : गाळप हंगाम सुरू झाला की जिल्ह्यातल्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसू लागतात. मुरूम, खडी आणि पायाखोदाईच्या कामावर जेसीबी, पोकलेन तर वर्षभर असतात. त्यातली काळा धूर सोडणारी जुनी यंत्रे लगेच ओळखू येतात. ‘जुने यंत्र मोडीत काढा, नव्यासाठी अनुदान घ्या’ अशी योजना आपल्याकडे आहे का? थोडक्यात उत्तर : ट्रकसाठी आहे, ट्रॅक्टरसाठी अर्धीमुर्धी आहे, जेसीबीसाठी नाही.

जुन्या-नव्या इंजिनात फरक किती?

बांधकाम यंत्रांना 2011 पासून ‘बीएस-3’ मानक लागू होते. 1 एप्रिल 2021 पासून ‘स्टेज-4’ आणि 1 जानेवारी 2025 पासून ‘स्टेज-5’ आले. साधारण 75 एचपीच्या जेसीबीचे उदाहरण घेऊ. जुन्या मानकात प्रति किलोवॉट-तास 0.4 ग्रॅम धूलिकण चालत होते. स्टेज-4 मध्ये ही मर्यादा 0.025 ग्रॅम झाली, म्हणजे सोळा पट कमी. स्टेज-5 मध्ये ती 0.015 आहे. ट्रॅक्टरमध्ये 50 एचपीवरील नव्या मॉडेलना 1 जानेवारी 2023 पासून कडक मानक लागू झाले.

पण हे नियम नव्या यंत्रांना आहेत. आधी विकलेली यंत्रे तशीच चालू राहतात. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्येच जाहीर केले आहे. हा धूर सर्वांत आधी ऑपरेटरच्याच छातीत जातो.

ट्रॅक्टरसाठी काय मिळते?

कृषी यांत्रिकीकरण योजनेत महाडीबीटी पोर्टलवरून ट्रॅक्टर आणि अवजारांसाठी अनुदान मिळते. राज्याच्या 2025 च्या ईव्ही धोरणात शेतीच्या इलेक्ट्रिक ट्रॅक्टरला मूळ किमतीच्या 15 टक्क्यांपर्यंत सवलत आहे. मात्र 22 सप्टेंबर 2025 पासून डिझेल ट्रॅक्टरवरील जीएसटीही 12 वरून 5 टक्के झाला. त्यामुळे इलेक्ट्रिक ट्रॅक्टरला कराचा जो फायदा होता, तो राहिला नाही.

ऊस तोडणी यंत्राचे काय?

2023 मध्ये राज्याने 900 ऊस तोडणी यंत्रांसाठी अनुदान योजना आणली. किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख रुपये, यातली कमी असेल ती रक्कम. उद्देश मजुरांच्या टंचाईवर उपाय हा होता, प्रदूषण कमी करणे हा नव्हता.

जेसीबी, पोकलेनसाठी?

केंद्राच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत जुलै 2025 पासून इलेक्ट्रिक ट्रकला जास्तीत जास्त 9.6 लाख रुपयांचे प्रोत्साहन आहे. अट एकच : जुना ट्रक अधिकृत केंद्रात मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र हवे. बांधकाम यंत्रे या योजनेत नाहीत. सोलापूर शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे, पण तो निधी महापालिकेमार्फत शहरातल्या कामांसाठी असतो.

बाहेर कसे चालते?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात 1998 पासून ‘कार्ल मॉयर’ कार्यक्रम सुरू आहे. त्यात ट्रॅक्टर, लोडर, डोझर अशी जुनी यंत्रे बदलायला अनुदान मिळते. जुने यंत्र किंवा इंजिन कायमचे निकामी करणे बंधनकारक असते. कमी होणाऱ्या प्रदूषणाचा हिशेब करून रक्कम ठरते.

मग अडचण कुठे आहे?

आपल्याकडे यंत्राचे अनुदान नव्या खरेदीवर आहे, जुने थांबवण्यावर नाही. नवा ट्रॅक्टर घेतला की जुना बाजारात विकला जातो आणि शेजारच्या तालुक्यात पुन्हा धूर सोडू लागतो. शेतीच्या ट्रॅक्टरला ठरावीक वयानंतर सक्तीने भंगारात काढण्याचा नियमही नाही. 15 वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करता येते. 15 वर्षांची सक्ती सरकारी वाहनांना आहे. स्वेच्छेने भंगारात दिल्यास नव्या वाहनाच्या मोटार वाहन करात सवलत मिळू शकते, पण यंत्राच्या किमतीपुढे ती किरकोळ ठरते.

जेसीबीचा मालक बहुतेकदा मोठी कंपनी नसतो. कर्ज काढून एक यंत्र घ्यायचे आणि तासाच्या भाड्यावर चालवायचे, असा हा धंदा. हप्ते फिटलेले जुने यंत्र हीच त्याची खरी कमाई. ते मोडीत काढायचे तर भरपाई हवी, नुसता नियम पुरत नाही.

अर्ज करण्यापूर्वी हे लक्षात ठेवा

- महाडीबीटीवर पूर्वसंमती मिळाल्यानंतरच यंत्र खरेदी करा. आधी खरेदी केल्यास अनुदान हातचे जाते.
- अनुदान आधार जोडलेल्या बँक खात्यातच येते. एजंटला रोख देऊ नका.
- ‘जेसीबीवर सरकारी अनुदान’ असे कोणी सांगितले तर शासन निर्णयाची प्रत मागा.
- जुने यंत्र घेताना नोंदणी प्रमाणपत्रावर उत्पादनाचे वर्ष तपासा. 2021 च्या आधीचा जेसीबी म्हणजे बहुधा जुन्या मानकाचे इंजिन.