अंड्याविना केक : कामांची वाटणी

सोलापुरात अंडे न खाणारी कुटुंबे बरीच आहेत. त्यामुळे बिनअंड्याचा केक येथे नवा नाही. पण त्यात अंड्याच्या जागी बहुधा दही किंवा आटवलेले गोड दूध असते. पाकिटावरचा हिरवा ठिपका दुधाच्या पदार्थांवरही असतो. दूधही वर्ज्य असलेल्या ‘व्हीगन’ पदार्थांसाठी भारतात २०२२ साली वेगळे नियम झाले. वर्गात वाढदिवसाचा केक वाटताना एखादे मूल अंड्यामुळे, तर दुसरे दुधाच्या ॲलर्जीमुळे हात मागे घेते. दोघांनाही खाता येईल असा केक कसा करायचा?

‘अंड्याऐवजी काय घालावे?’ असे विचारण्यापेक्षा ‘अंडे केकमध्ये कोणती कामे करते?’ असे विचारले, तर वाट लवकर सापडते.

अंड्याची तीन कामे

अंड्याचा सुमारे पाऊण भाग पाणी असते आणि १२-१३ टक्के प्रथिने. अंडे फेटले की ही प्रथिने हवेच्या बुडबुड्यांभोवती पापुद्रा धरतात. हे पहिले काम. तापमान ६० अंश सेल्सियसच्या पुढे गेले की ती गोठू लागतात आणि केकचा सांगाडा उभा राहतो. हे दुसरे. बलकातील लेसिथिन तेल आणि पाणी एकत्र नांदवते. हे तिसरे. ही तिन्ही कामे तितक्याच चांगल्या रीतीने करणारा एकच वनस्पतिजन्य पदार्थ मिळणे कठीण. म्हणून आपण कामे वाटून देऊ.

वायू : खाण्याचा सोडा आणि लिंबाचा रस एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. अर्धा लहान चमचा (सुमारे २.५ ग्रॅम) सोड्यापासून सुमारे ७०० मि.लि. वायू मिळतो. त्यासाठी साधारण दोन मोठे चमचे रस लागतो. आम्ल नसेल तर नुसत्या उष्णतेने निम्माच वायू सुटतो आणि मागे धुण्याचा सोडा उरतो. केकला साबणासारखी चव येते ती यामुळे.

सांगाडा : मैद्यातील ग्लुटेनचे जाळे आणि उष्णतेने फुगलेला स्टार्च हे काम करतात. मिश्रण फार घोटू नये. जाळे घट्ट झाले की केक चिवट होतो.

बांधणी : आपल्याकडे चटणीसाठी वापरतात ते जवस येथे उपयोगी पडते. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवली की बुळबुळीत होते. बियांच्या सालीतील हा चिकट पदार्थ पाणी धरून ठेवतो आणि तेल वेगळे होऊ देत नाही. मात्र तो अंड्यासारखा गोठत नाही.

वर्गात करून पाहा

१२५ ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम पिठीसाखर आणि वरील प्रमाणात सोडा एकत्र चाळा. त्यात तीन मोठे चमचे शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल, भिजवलेले जवस आणि १०० मि.लि. पाणी मिसळा. लिंबाचा रस शेवटी घालून मिश्रण लगेच उष्णतेला ठेवा. उशीर केल्यास वायू निसटतो. जाड बुडाच्या पातेल्यात वाळूचा थर तापवून, त्यावर तेल लावलेल्या स्टीलच्या वाट्या ठेवून झाकण घाला. विस्तवाजवळ शिक्षकांनीच थांबावे. विणकामाची सुई खुपसल्यावर कोरडी निघाली की केक झाला.

चार वाट्या करा : पहिलीत सर्व काही, दुसरीत लिंबाच्या रसाऐवजी पाणी, तिसरीत सोडा व रस दोन्ही नाहीत, चौथीत मैद्याऐवजी ज्वारीचे पीठ. आधी मुलांना अंदाज वहीत लिहू द्या. नंतर पट्टीने उंची मोजा. केकच्या चुऱ्यावर हळदीचे पाणी टाका. दुसऱ्या वाटीतला चुरा लालसर होईल, कारण तो अल्कधर्मी आहे.

ज्वारीच्या केकचा मात्र भुगा होईल. मंगळवेढ्याची मालदांडी कितीही चांगली असली, तरी ज्वारीत ग्लुटेन नाही. अंडेही नाही आणि ग्लुटेनही नाही, मग केक धरून ठेवणार कोण? हीच अडचण भाकरी थापताना येते. घरोघरी त्यावर उपाय आहे : पीठ गरम पाण्यात मळायचे. त्याने स्टार्च फुगून चिकट होतो. ज्वारीच्या थोड्या पिठाची अशी उकड करून, ती गार झाल्यावर केकच्या मिश्रणात घातली तर? पाचवी वाटी मुलांना त्यासाठी द्यावी आणि प्रमाण त्यांनाच शोधू द्यावे.