ट्रिगर बसविण्याचा अधिकार कोणाकडे?

मंडणगड तालुक्यातील एखाद्या खातेदाराने जमीन विकली, की दुय्यम निबंधक कार्यालयात दस्ताची नोंदणी होते. ई-फेरफार प्रणालीद्वारे ही माहिती महसूल खात्याकडे ऑनलाइन पोहोचते. त्यावरून तलाठी, म्हणजे आजचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफार नोंद घेतात. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि त्यानंतरच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मगच सातबारा बदलतो. नोंद घेणारा व ती प्रमाणित करणारा वेगळा असावा, ही महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील शिस्त संगणकीकरणानंतरही कायम राहिली आहे.

बँका, कारखाने, रुग्णालये यांच्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये हीच शिस्त ज्या ठिकाणी नकळत सुटू शकते, ते ठिकाण म्हणजे डेटाबेसमधील ‘ट्रिगर’. तक्त्यात नोंद भरली, बदलली किंवा पुसली गेली, की आपोआप चालणारी ही छोटी आज्ञावली असते. वेतनाचा आकडा बदलताच जुना आकडा, वेळ व बदलणाऱ्याचे नाव दुसऱ्या तक्त्यात टिपून ठेवणे, हे तिचे नेहमीचे काम.

प्रश्न असा, की ही आज्ञावली कोणाच्या अधिकाराने चालते? ओरॅकलमध्ये ती ट्रिगरच्या मालकाच्या अधिकाराने चालते. मायएसक्यूएलमध्ये ‘डिफायनर’ म्हणून नोंदलेल्या खात्याचे अधिकार लागू होतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मात्र, वेगळी सूचना नसल्यास, नोंद बदलणाऱ्याचेच अधिकार वापरले जातात. तेथे एखाद्याने खोडसाळ ट्रिगर बसविला आणि पुढे मुख्य प्रशासकाने त्या तक्त्यात साधा बदल केला, तरी ती आज्ञावली प्रशासकाच्या अधिकाराने चालते. म्हणूनच ट्रिगर बसविण्याची मुभा ही नोंद भरण्याच्या मुभेपेक्षा कितीतरी मोठी ठरते.

सॉफ्टवेअर बसविताना सोय म्हणून सर्वाधिकार देऊन टाकण्याचा मोह होतो. ओरॅकलमधील ‘क्रिएट एनी ट्रिगर’ हा अधिकार तर इतरांच्या तक्त्यांवरही ट्रिगर बसवू देतो. त्याऐवजी स्वतःच्या तक्त्यांपुरता ‘क्रिएट ट्रिगर’ बहुधा पुरेसा होतो. ट्रिगर ज्या दुसऱ्या तक्त्यांना हात लावतो, त्यांचे अधिकार मात्र मालकाला थेट द्यावे लागतात. ‘रोल’मार्फत दिलेले तेथे लागू होत नाहीत.

अधिकार काढून घेतानाही सावधगिरी हवी. मायएसक्यूएलमध्ये ट्रिगर चालतानाही डिफायनरकडे ‘ट्रिगर’ अधिकार आहे की नाही, हे तपासले जाते. तो काढला, तर ट्रिगर अडतो आणि त्याच्याबरोबर मूळ नोंदही नाकारली जाते. त्यामुळे ट्रिगर कर्मचाऱ्याच्या व्यक्तिगत खात्यावर न बसविता, कोणीही दैनंदिन कामासाठी वापरत नाही अशा स्वतंत्र खात्यावर ठेवणे श्रेयस्कर.

नोंदी भरणारे, ट्रिगर बसविणारे आणि बदलांची तपासणी करणारे अशी तीन खाती वेगळी ठेवावीत. बदल करणाऱ्यालाच त्या बदलांची नोंदवही पुसता येत असेल, तर त्या नोंदवहीला अर्थ उरत नाही.