अंगाला लागून असलेलं वचन

सॉल्ट लेक सिटीतल्या एखाद्या कचेरीत किंवा लग्नाच्या गर्दीत पांढऱ्या शर्टातला माणूस समोर आला, की तिथल्या जाणकारांची नजर नकळत त्याच्या छातीकडे जाते. गळ्याच्या खाली, शर्टाच्या कापडाआडून एक अर्धगोल रेषा पुसटशी उमटली आहे का? असली, तर हा माणूस मॉर्मन आहे, मंदिरात जाऊन आला आहे आणि तिथे दिलेलं वचन आजही अंगावर वागवतो आहे, एवढं सगळं एका नजरेत कळतं. हसऱ्या ओठांसारखी वळलेली ही रेषा म्हणून तिकडची मंडळी तिला प्रेमाने ‘स्वर्गीय हसू’ म्हणतात.

ती रेषा म्हणजे आतल्या बनियनचा गळा. माणसाच्या पोशाखातला सगळ्यात खासगी कपडा एका अख्ख्या समाजात सगळ्यात बोलका ठरतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे ज्याला जग मॉर्मन चर्च म्हणतं, ते १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी स्थापन केलं. आज त्याचे सभासद १ कोटी ७० लाखांच्या घरात आहेत. त्यांची रविवारची प्रार्थना साध्या चॅपलमध्ये होते, तिथे कुणीही जाऊन बसू शकतो. मंदिर वेगळं. तिथे चर्चचं परवानापत्र असलेल्यांनाच प्रवेश असतो, आणि तिथल्या ‘एंडाउमेंट’ नावाच्या विधीत माणूस देवाशी करार करतो: आज्ञापालनाचा, त्यागाचा, शरीरशुद्धतेचा, आपलं सगळं त्याच्या कार्याला वाहण्याचा. बहुतेक जण धर्मप्रसाराच्या मोहिमेवर निघण्याआधी किंवा लग्नाआधी हा विधी करतात. त्या दिवसापासून आयुष्यभर, दिवसा आणि रात्री, आत घालायचा कपडा ठरलेला असतो. त्याला नुसतं ‘गारमेंट’ म्हणतात. वर बनियन (२०२४ पर्यंत अर्ध्या बाह्यांचाच), खाली गुडघ्यापर्यंत पोचणारी चड्डी, रंग पांढरा. छातीवर दोन्ही बाजूंना, बेंबीपाशी आणि उजव्या गुडघ्याजवळ मिळून चार बारीक खुणा असतात. दुरून पाहणाऱ्याला त्या शिवणीसारख्या वाटतील. श्रद्धावंतासाठी त्या कराराच्या खुणा आहेत. देवाने आदम आणि हव्वा यांना एदेनमधून बाहेर पाठवताना कातड्याची वस्त्रं घातली, ही बायबलमधली कथा या वस्त्राच्या मुळाशी आहे.

सुरुवात झाली इलिनॉय राज्यातल्या नॉव्हू गावात. ४ मे १८४२ रोजी जोसेफ स्मिथ यांनी आपल्या लाल विटांच्या दुकानाच्या माडीवर मोजक्या साथीदारांना हा विधी पहिल्यांदा दिला. त्याच वर्षी मार्चमध्ये ते फ्रीमेसन या बंधुसंघटनेचे सभासद झाले होते. गारमेंटवरच्या खुणांमध्ये गुण्या आणि कंपास ही मेसन लोकांची चिन्हं दिसतात, त्यामागे हा संबंध असल्याचं इतिहासकार दाखवून देतात. पहिला गारमेंट मांजरपाटासारख्या कोऱ्या सुती कापडाचा होता: मनगटापासून घोट्यापर्यंत सलग एकच अंगरखा, गळ्याला कॉलर, पुढे बांधायला नाड्या.

दोनच वर्षांनी, २७ जून १८४४ रोजी, जोसेफ ज्या कार्थेजच्या तुरुंगात होते त्यावर जमाव चालून गेला आणि त्याने जोसेफ आणि त्यांचे भाऊ हायरम यांना गोळ्या घातल्या. त्यांच्याबरोबर त्याच खोलीत असलेले साथीदार विलर्ड रिचर्ड्स जवळपास सुखरूप वाचले. त्या दिवशी स्मिथ बंधूंनी गारमेंट घातला नव्हता, रिचर्ड्स यांनी घातला होता, अशी आठवण मॉर्मन घराघरांतून सांगितली गेली. हे वस्त्र शरीराचंही रक्षण करतं ही भावना अशा आठवणींतून पक्की होत गेली. मॅरियट हॉटेलांचे बिल मॅरियट यांनी तर १९९६ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमात सांगितलं, की बोटीला लागलेल्या आगीत त्यांची पँट जळून गेली, पण गारमेंटच्या आतलं अंग भाजलं नाही. चर्चची अधिकृत मांडणी याहून संयत आहे. खरं संरक्षण वचन पाळण्यात आहे, असं ती सांगते.

आता या कापडाचा प्रवास पाहा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चर्चचे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ यांनी बजावलं होतं, की देवाने दिलेल्या या नमुन्यात फेरफार करू नये. १९२३ मध्ये चर्चनेच बदल केला. बाह्या कोपरापर्यंत आल्या, पाय गुडघ्याच्या जरा खाली थांबले, नाड्यांच्या जागी बटणं लागली, कॉलर गेली. काही जुन्याजाणत्यांना हे रुचलं नाही आणि मंदिरात तरी जुना लांब गारमेंटच हवा, यावर ते ठाम राहिले. पुढे बाह्या आणखी आखडल्या. १९७९ मध्ये सलग अंगरख्याचे दोन वेगळे भाग झाले, तेव्हा शौचालयात जाण्याइतकी साधी गोष्ट अनेकांसाठी सोपी झाली. पवित्र वस्तूच्या इतिहासात शौचालयाचा उल्लेख करताना मला मुळीच संकोच वाटत नाही. अंगाला लागून राहणारं पावित्र्य अंगाच्या गरजांपासून वेगळं राहूच शकत नाही, आणि या वस्त्राची खरी गोष्ट मला तिथेच सापडते.

बाईच्या बाजूने ही गोष्ट पाहिली की तिची खोली कळते. कित्येक दशकं रीत अशी होती, की गारमेंट कातडीला लागून हवा आणि ब्रेसियर त्याच्यावर. म्हणजे उन्हाळ्यात अंगावर कापडाचे थरावर थर. पाळीच्या दिवसांत ढगळ चड्डीत पॅड जागेवर राहत नाही, म्हणून अनेकजणी आणखी एक निकर चढवतात. गरोदरपणासाठी आणि अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी वेगळे गारमेंट शिवले जातात, तरी बाळ रडत असताना ब्रेसियर, बनियन आणि ब्लाउज यांच्यातून वाट काढणं हा रोजचा झगडा असतो. कंबरेची शिवण रुतते. कापडात सिंथेटिक धागा असला तर हवा खेळत नाही, घाम तसाच राहतो. २०२१ मध्ये एका मॉर्मन स्त्रीने समाजमाध्यमावर मऊ, हवेशीर कापडाची आणि शिवणी कमी करण्याची मागणी उघडपणे केली, आणि प्रतिसादांचा पूर आला. पुरळ, मूत्रमार्गाचे आणि यीस्टचे संसर्ग यांबद्दल बायका बोलू लागल्या. न्यूयॉर्क टाइम्सने त्याची बातमी केली. इतकी वर्षं यावर बोलणंच अवघड होतं, कारण पवित्र गोष्टीची तक्रार करायची तरी कशी आणि कुणाकडे?

‘कुणाकडे’ हा प्रश्न इथे फार महत्त्वाचा आहे. मंदिराचं परवानापत्र दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं. त्यासाठी आधी बिशपशी आणि मग त्याच्या वरच्या अधिकाऱ्याशी एकट्याने बोलावं लागतं, आणि ठरलेल्या प्रश्नांत गारमेंटचा प्रश्न असतो. मॉर्मन बिशप हा पगारी पुरोहित नसतो. तो शेजारचा दंतवैद्य असू शकतो किंवा हिशेबनीस, मुलाच्या वर्गमित्राचा बाप. तो नेहमी पुरुष असतो. आपण आत काय घालतो याचं उत्तर एखाद्या बाईने त्याला द्यायचं असतं. बहुतेक बिशप हा प्रश्न वाचून, होकार घेऊन पुढे जातात. तरी ही रचना बायकांवर जास्त ओझं टाकते, असं माझं स्पष्ट मत आहे.

गारमेंट दिसता कामा नये, हा नियम. त्यामुळे वरचा सगळा पोशाख आतल्या कपड्याच्या मापाने बेतला जातो. गळा वर, लांबी गुडघ्यापर्यंत, आणि २०२४ पर्यंत खांदेही झाकलेले. सॉल्ट लेक सिटी ज्या राज्यात आहे त्या यूटामध्ये अशा कपड्यांची स्वतंत्र बाजारपेठच उभी राहिली. बिनबाह्यांच्या झग्याखाली घालायचे आखूड टी-शर्ट आणि बाह्या लावून दिलेले लग्नाचे झगे तिथे मिळतात. गारमेंट मात्र बाजारात मिळत नाही. तो चर्चच्याच दुकानातून किंवा संकेतस्थळावरून, एंडाउमेंट झालेल्या सभासदालाच विकत घेता येतो.

पोहणं, काही खेळ, पतिपत्नीचा एकांत, अशा वेळी तो काढायला मुभा आहे. पण ‘गारमेंट घालून करता येण्यासारखं’ काय आणि ‘करता न येण्यासारखं’ काय, याची सीमारेषा ज्याने त्याने स्वतःशी आखायची असते. जिममधून निघताना लगेच घालायचा की भाजी घेऊन घरी गेल्यावर? बागकाम करताना? डॉक्टरकडे तपासणीला जाताना? यूटामधल्या नर्सला काही सांगावं लागत नाही, ओहायोतल्या नर्सला कदाचित लागेल. सैनिकांची अडचण आणखी वेगळी. बराकीत सगळ्यांसमोर कपडे बदलावे लागतात आणि गणवेशाखाली पांढरा रंग चालत नाही. म्हणून त्यांच्यासाठी गणवेशाशी जुळणाऱ्या रंगाचे गारमेंट आहेत. जुन्या पिढीतले काही भाविक आंघोळ करतानाही एक पाय गारमेंटमध्येच ठेवत, अशा आठवणी सांगितल्या जातात. त्यात कुणाला अतिरेक दिसेल. मला त्यात जिवापाड जपलेलं वचन दिसतं.

धुण्याचीही पद्धत आहे. जमिनीवर टाकायचा नाही, चारचौघांना दिसेल असा वाळत घालायचा नाही. जीर्ण झाला की चारही खुणा कापून काढून नष्ट करायच्या, उरलेलं कापड ओळखू येणार नाही असं कातरायचं, मग ते साधं कापड. धर्माच्या अभ्यासक कॉलीन मॅकडॅनल यांनी १९९५ मध्ये आलेल्या ‘मटेरियल ख्रिश्चॅनिटी’ या पुस्तकात गारमेंटवर एक अख्खं प्रकरण लिहिलं. माणसं नियम आणि सोय यांच्यामध्ये आपापली वाट कशी शोधतात, हे त्यात वाचण्यासारखं आहे.

बाहेरच्यांनी या कपड्याची फार टिंगल केली. मॉर्मन असलेले मिट रॉम्नी २०१२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवत असताना त्यांच्या शर्टाआडून दिसणाऱ्या गारमेंटचं छायाचित्र विनोदाचा विषय झालं. ऑक्टोबर २०१४ मध्ये चर्चने एक छोटी चित्रफीत काढली. टेबलावर गारमेंट उघडपणे मांडून दाखवला, त्याला जादूची चड्डी म्हणू नका अशी विनंती केली आणि त्याच्या पंगतीला नन्सचा झगा, ज्यू लोकांची प्रार्थनेची शाल, बौद्ध भिक्षूंची चीवरं आणून बसवली. मुंबईकराला या पंगतीत पारशी सदरा आठवेल. तोही पांढरा, मलमलीचा, कातडीला लागून घालायचा. त्याच्या गळ्यापाशी सत्कर्मं साठवण्याचा छोटासा खिसा असतो आणि कंबरेला ७२ धाग्यांची कस्ती. पारशी मुलाला तो नवजोत या दीक्षाविधीच्या वेळी, लहानपणीच मिळतो. मॉर्मन माणूस जाणत्या वयात, समजून उमजून घालतो. आपल्याकडे जानवं लघुशंकेच्या वेळी उजव्या कानावर जातं. देह आणि व्रत यांनी एकत्र नांदायचं ठरवलं, की असे बारीकसारीक नियम जन्माला येतातच.

घरातही गारमेंट बोलतो. नवऱ्याने किंवा बायकोने एक दिवस तो घालणं सोडलं, तर जोडीदाराला श्रद्धा डळमळल्याची पहिली खबर कपाटातून मिळते. चर्च सोडलेले अनेक जण सांगतात, की तिशी-चाळिशीत दुकानात साधं अंतर्वस्त्र घ्यायला गेल्यावर आपलं माप काय, आवड काय, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

२०२४ मध्ये चर्चने बिनबाह्यांचा गारमेंट आणि स्त्रियांसाठी स्लिपच्या धर्तीचे नमुने जाहीर केले. आधी ते उष्ण, दमट हवेच्या देशांत आणि २०२५ मध्ये अमेरिकेत आले. अनेकींनी सुटकेचा श्वास सोडला. काहींना मात्र दुःख झालं, आणि ते मला अगदी खरं वाटतं. उघडा खांदा मर्यादा सोडून असतो असं ऐकत त्या वाढल्या, मुलींना तसंच वाढवलं, लग्नाचे झगेही तसेच शिवून घेतले. आता तो खांदा चालतो, तर इतकी वर्षं कशाची होती, हा त्यांचा प्रश्न शिंप्याला सोडवता येणारा नाही.

भारतातलं पहिलं मॉर्मन मंदिर बेंगळुरूत उभारायचं, अशी घोषणा एप्रिल २०१८ मध्ये झाली. गारमेंटचा मूळ बेत शर्ट, पँट आणि झग्याच्या अंदाजाने केलेला. सलवार-कमीझखाली तो सहज सामावतो. साडीचं तसं नाही: पोलकं आखूड, कंबर उघडी, पाठ खोल. १८४२ च्या मनगटापासून घोट्यापर्यंतच्या अंगरख्याने आजवर इतकी रूपं घेतली, की साडीसाठीही त्याचं एखादं रूप निघेल असं मला मनापासून वाटतं; फक्त ते बेतताना साडी नेसणाऱ्या बाईला आधी विचारायला हवं.