आठव्या लेनचे त्रेपन्न मीटर

ऑलिंपिकमधली ४०० मीटरची शर्यत सुरू व्हायच्या आधीचं दृश्य आठवा. आठ धावपटू, आठ लेन, पण एका रेषेत कुणीच नाही. पहिल्या लेनवाला सगळ्यांच्या मागे आणि आठव्या लेनवाला वळणावर पार पुढे. शेजारी बसलेलं पोर हटकून विचारतं, “हा एवढा पुढे का? ही तर चीटिंग आहे!”

शंका रास्त आहे. आठवा धावपटू पहिल्याच्या ५३.०३ मीटर पुढून सुटतो. एवढं अंतर कापायला जगातल्या अव्वल धावपटूंनाही सहाएक सेकंद लागतात. पदकाचा फैसला मात्र सेकंदाच्या शंभराव्या भागात होतो. तरीही त्या ५३ मीटरबद्दल कुणी पंचांकडे दाद मागत नाही, कारण आकडा गणिताने ठरवलाय. आणि ते गणित दहावीच्या पुढचं नाही.

ट्रॅक म्हणजे दोन सरळ पट्टे आणि त्यांना जोडणारी दोन अर्धवर्तुळं. प्रमाणित ट्रॅकचा एक सरळ पट्टा ८४.३९ मीटर लांब असतो आणि वळणाच्या आतल्या कडेची त्रिज्या ३६.५० मीटर. कडेला अगदी चिकटून कुणी धावत नाही, म्हणून पहिल्या लेनचं अंतर कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेरून मोजतात. म्हणजे त्रिज्या झाली ३६.८०. आता कागद-पेन्सिल घ्या. दोन सरळ पट्टे मिळून १६८.७८ मीटर. दोन अर्धवर्तुळं मिळून एक पूर्ण वर्तुळ, त्याचा परीघ दोन गुणिले पाय गुणिले ३६.८०, म्हणजे २३१.२२ मीटर. बेरीज बरोब्बर ४००. शाळेत ज्याच्यापुढे “पायची किंमत ३.१४ घ्या” एवढंच लिहिलेलं असायचं, तो पाय इथे प्रत्यक्ष मैदानात उतरलेला दिसतो.

आता दुसरी लेन. लेनची रुंदी १.२२ मीटर. दुसऱ्या लेनपासून पुढे अंतर आतल्या पांढऱ्या रेषेच्या २० सेंटिमीटर बाहेरून मोजायचं, असा नियम आहे. म्हणून दुसऱ्या लेनची त्रिज्या ३६.५० अधिक १.२२ अधिक ०.२०, म्हणजे ३७.९२. पहिल्या लेनपेक्षा १.१२ मीटर जास्त. त्याला दोन पायने गुणा, उत्तर ७.०४. दुसऱ्या लेनवाल्याला एका फेरीत ७.०४ मीटर जास्त पळावं लागतं, म्हणून त्याला तेवढंच पुढे उभं करायचं. तिसऱ्या लेनपासून दरवेळी त्रिज्या १.२२ मीटरने वाढते, म्हणजे प्रत्येक लेनमागे सुमारे ७.६७ मीटरची भर पडते. अशा सहा भरी घातल्या की आठव्या लेनचे ५३.०३ मीटर हाती येतात. चीटिंगचा आरोप मिटला.

खरी गंमत मात्र पुढेच आहे. हे ७.०४ काढताना ३६.८० हा आकडा कुठे गेला? वजाबाकीत तो उडून गेला. उरला फक्त फरक, १.१२ मीटर. सरळ पट्ट्यांची लांबीही कुठे आली नाही, कारण सरळ पट्ट्यावर आतली आणि बाहेरची लेन सारखीच लांब असते. जास्तीचं अंतर येतं ते फक्त वळण्यातून. म्हणजे ट्रॅक जिल्हा क्रीडा संकुलातला असो की शाळेमागच्या मैदानावर फक्कीने आखलेला २०० मीटरचा, १.१२ मीटर बाहेरून पूर्ण फेरी मारणाऱ्याला ७.०४ मीटरच जास्त पळावं लागणार. आणखी ताणून पाहा. पृथ्वीच्या विषुववृत्ताला एक दोरी घट्ट गुंडाळली आहे असं समजा. लांबी सुमारे ४०,००० किलोमीटर. ही दोरी सगळीकडून जमिनीच्या १.१२ मीटर वर उचलायची तर ती किती वाढवावी लागेल? ७.०४ मीटर. बस्स.

हे सांगून कुणाला पटत नाही. मोजून पाहिल्यावर पटतं, आणि त्यासाठी वर्ग मैदानात न्यायला हवा. एक खुंटी, लांब दोरी, मोजपट्टी आणि थोडी फक्की, एवढं सामान पीटीच्या सरांकडे असतंच. खुंटीभोवती दोन मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं, आणि त्याच्या बाहेर तीन मीटरचं. मग मैदानाच्या दुसऱ्या टोकाला दहा आणि अकरा मीटर त्रिज्येची वर्तुळं. मोजायच्या आधी प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा: एक मीटरने त्रिज्या वाढवल्यावर कुठल्या जोडीत परीघ जास्त वाढेल? बहुतेकांचा कौल मोठ्या जोडीला जातो. “मोठ्या वर्तुळाला जास्तच लागणार ना!” मग रेषेवरून दोरी अंथरून मोजणी. छोट्या जोडीत सुमारे १२.५७ वरून १८.८५. मोठ्या जोडीत ६२.८३ वरून ६९.१२. दोन्हीकडे वाढ ६.२८ मीटरची. दोरी सैल पडली, फक्की पसरली की चार-पाच बोटं इकडेतिकडे होतील, आणि ते बरंच. मोजमापातली चूक आणि सूत्रातलं सत्य यांतला फरक त्याच तासाला शिकवून होतो.

खेळातून गणित शिकवायचं म्हणजे काय, याचा पुष्कळदा फार सोपा अर्थ लावला जातो. “रामूकडे बारा आंबे होते” या ओळीतले आंबे काढून तिथे धावा घातल्या आणि रामूच्या जागी विराट कोहली आणला, तरी पोरांना ते गणित आंब्यांचंच वाटतं. खेळाची ताकद वेगळ्या गोष्टीत आहे. मैदानावर खरी भांडणं होतात. कोण पुढे, कुणावर अन्याय झाला, कोण भारी, हे ठरल्याशिवाय कुणी घरी जात नाही. अशा भांडणात आवाज चढवून उपयोग होत नाही, तिथे आकडेमोडीची गरज पोरांनाच भासते. गणिताच्या तासाला एवढी निकड दुसरं काहीही आणू शकत नाही.

क्रिकेटमधलं असंच एक जुनं भांडण घ्या. डॉन ब्रॅडमन १४ ऑगस्ट १९४८ रोजी ओव्हलवर आपल्या शेवटच्या कसोटी डावासाठी उतरला. तोवर त्याची सरासरी १०१.३९ होती. एरिक हॉलीजने त्याला दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर त्रिफळाचीत केलं आणि सरासरी ९९.९४ वर येऊन थांबली, कायमची. चार धावा काढून बाद झाला असता तरी बरोब्बर शंभर झाली असती. गोष्ट इथवर सगळ्यांना ठाऊक असते. आता वर्गात पुढचा प्रश्न टाका. ब्रॅडमनच्या कसोटीतल्या धावा ६,९९६ आणि डाव ८०. भागाकार करा. उत्तर येतं ८७.४५. मग ९९.९४ कुठून आलं?

छेदात डाव नसतात, तो किती वेळा बाद झाला ते असतं. ८० डावांत तो १० वेळा नाबाद राहिला, म्हणून भागायचं ७० ने. लगेच वर्गात दोन तट पडतात. एक म्हणतो, नाबाद डाव वगळले नाहीत तर तळाशी येऊन सात धावांवर साथीदार संपलेल्या बिचाऱ्यावर अन्याय होतो. दुसरा म्हणतो, वगळले तर नाबाद राहायला जपून खेळणाऱ्याचं फावतं. दोघांचंही म्हणणं खरं आहे. सरासरी आकाशातून पडत नाही, छेदात काय घ्यायचं हे माणसं ठरवतात, हे पोरांना तेव्हा कळतं. पुढे आयुष्यात दरडोई उत्पन्नाचा किंवा गाडीच्या अ‍ॅव्हरेजचा आकडा समोर आला, की “भागलं कशाने?” हा प्रश्न आपसूक तोंडी येईल.

शेवटचं भांडण गावच्या कबड्डी स्पर्धेतलं. ३७ संघांची नावं आली आहेत, स्पर्धा बाद पद्धतीची. सामने किती होणार? मैदान, दिवे, पंचांचं मानधन, सगळं या आकड्यावर अडलेलं. पोरं जोड्या लावायला बसतात. ३७ विषम, मग कुणाला तरी बाय द्या. नीट आखायचं तर पहिल्या फेरीत पाचच सामने आणि २७ संघांना बाय, मग उरलेल्या ३२ संघांचे १६, ८, ४, २ आणि अंतिम सामना. एकूण ३६. एवढा कागद खराब झाल्यावर त्यांना एकच गोष्ट विचारायची: प्रत्येक सामन्यात किती संघ बाद होतात? एक. विजेता ठरायला किती संघ बाद व्हायला हवेत? ३६. संपलं! जिंकणाऱ्यांकडे पाहणं सोडून हरणाऱ्यांना मोजलं, की कागदच लागत नाही. विम्बल्डनच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात, म्हणून सामने १२७. आणि हीच ३७ संघांची स्पर्धा साखळी पद्धतीने घ्यायची म्हटली तर? प्रत्येक संघ बाकीच्या ३६ शी खेळणार, एकेक सामना दोनदा मोजला जाणार, म्हणून ३७ गुणिले ३६ भागिले दोन. ६६६ सामने. मंडळाचे खजिनदार बाद पद्धतच का पसंत करतात, ते वेगळं सांगायला नको.

आता जाता जाता नियम थोडा बदला. एकदा हरला तरी संघ स्पर्धेत राहतो, दोनदा हरला की बाद. ३७ संघांत सामने किती? जोड्या लावायला बसलात तर रात्र जाईल. हरणं मोजलंत तर अर्धं मिनिट पुरतं. उत्तरं दोन येतील आणि दोन्ही बरोबर असतील, कारण विजेता संघ स्वतः एकदाही न हरता जिंकेल की एकदा हरून, हे मैदानावरच ठरायचं असतं. ७२ किंवा ७३.