कोरियन भाषा शिकविणारा खेळ

परभाषा शिकविणारे पडद्यावरचे खेळ आज पुष्कळ निघाले आहेत; परंतु त्यांतील बहुतेकांची तऱ्हा एकच असते. पडद्यावर एक शब्द येतो, खालीं त्याचे चार अर्थ मांडलेले असतात, आणि खेळणाऱ्यानें बरोबर अर्थावर बोट ठेवलें कीं एक नाणें खणखणतें. त्या नाण्याचा आणि शब्दाचा संबंध मात्र कांहींच नसतो. शब्दाच्या जागीं पाढ्यांतला आकडा ठेवला तरी नाणें तसेंच खणखणेल. असा खेळ म्हणजे शाळेंतील परीक्षाच होय. तिला फक्त रंगीत झगा घातलेला असतो.

ज्या खेळानें माणसाला खरोखर भाषेंत बुडवावयाचें, त्याची रचना याच्या उलट असली पाहिजे. तेथें शब्द हीच किल्ली. पाणी मागतां आलें तर पाणी मिळावें. न आलें तर तहान तशीच राहावी. हा नियम सर्वच भाषांना लागू आहे; पण कोरियन भाषेच्या बाबतींत त्याला आणखी एक जोड द्यावी लागते. त्या भाषेंत कोणता शब्द बरोबर, हें पुष्कळदां समोर कोण उभा आहे यावर ठरतें. म्हणून कोरियन शिकविणाऱ्या खेळाचा आराखडा शब्दांच्या यादीपासून नव्हे, तर माणसांपासून सुरू झाला पाहिजे.

पहिली पायरी अर्थात् लिपीची. ती पाहून नवखा माणूस बिचकतो. पण बिचकण्याचें कारण नाहीं. राजा सेजोंग यानें इ. स. १४४३ मध्यें ही लिपि तयार केली आणि १४४६ मध्यें ती प्रजेच्या हातीं दिली. तोंवर कोरियांत लिहावयाचें तें चिनी चिन्हांच्या आधारें. आणि हजारों चिन्हें पाठ करण्याची सवड वरच्या वर्गालाच होती. सामान्य माणसालाही आपलें म्हणणें लिहितां यावें, हा राजाचा हेतु. त्या वेळीं अक्षरें २८ होतीं. आज मूळ अक्षरें २४ धरतात, १४ व्यंजनें आणि १० स्वर. मूळ व्यंजनांचे आकार मुखाच्या अवयवांवरून घेतले आहेत. ‘न’चें चिन्ह म्हणजे टोंक वर उचललेल्या जिभेची आकृति, ‘म’चें चिन्ह म्हणजे तोंडाची चौकट. मूळ आकृतीला रेघ जोडली कीं अधिक जोराच्या उच्चाराचें अक्षर तयार होतें. खेळाच्या रचनाकाराला याहून चांगलें साहित्य कोठें मिळणार? पडद्यावर एक मुख दाखवावें, खेळणाऱ्यानें त्यांतील जीभ हलवावी, आणि ती जेथें टेकेल त्या जागेचें अक्षर उमटावें. पुढें व्यंजन व स्वर एका चौकोनांत बसविले कीं उच्चाराचा एक घटक पुरा होतो. व्यंजनाभोंवतीं काना, मात्रा, वेलांटी बसविण्याची ज्याला लहानपणापासून संवय आहे, त्या मराठी माणसाला ही युक्ति परकी वाटत नाहीं.

दुकानांच्या पाट्या वाचतां येऊं लागल्या कीं खेळणाऱ्याला बाजारांत सोडावें. सेऊल शहरांतील ग्वांगजांग बाजार यासाठीं नामी आहे. हा बाजार १९०५ सालचा. तेथें वाटलेल्या मुगाचीं जाड धिरडीं तव्यावर तळून विकतात. त्यांना ‘बिन्देतॉक’ म्हणतात. खेळणाऱ्याला अशा एखाद्या दुकानांत उमेदवारीला ठेवलें, तर भाषेचे कितीतरी धडे आपोआप पुढ्यांत येतात. कोरियन भाषेंत आंकड्यांच्या दोन माळा आहेत. एक देशी, दुसरी चिनी मुळाची. धिरडीं मोजावयाचीं तीं देशी आंकड्यांनीं, पैसे मोजावयाचे ते चिनी आंकड्यांनीं. घड्याळांत तर दोन्ही एकत्र येतात: साडेतीन वाजले हें सांगतांना तास देशी आणि मिनिटें चिनी. शिवाय आपण जशी लाखाची गांठ मारतों तशी ते दहा हजारांची मारतात. तिचें नांव ‘मान’. आपला एक लाख म्हणजे त्यांचे दहा मान. हे नियम पुस्तकांत वाचले तर डोकें फिरतें. पण गिऱ्हाईक समोर उभें असलें आणि धिरडीं दोनाऐवजीं दहा बांधलीं गेलीं, कीं नियम एका दिवसांत अंगीं बाणतो.

उच्चारांचेंही तसेंच. ‘बुल’सारखा ऐकूं येणारा एक शब्द म्हणजे विस्तव, त्यांतील पहिला वर्ण हवा सोडून उच्चारला तर होतें गवत, आणि गळा आवळून, हवा न सोडतां उच्चारला तर होतें शिंग. मराठी कानाला ‘प’ आणि ‘फ’ यांतला भेद ठाऊक आहे, ‘ब’ही ठाऊक आहे, पण हा आवळलेला उच्चार त्याला नवा. जेवण या अर्थाचा साधा कोरियन शब्द तर मराठी माणसाला ‘बाप’ आणि ‘पाप’ यांच्या मधोमध कोठें तरी ऐकूं येतो! दुकानांतल्या मालकिणीनें विस्तव मागावा आणि उमेदवारानें गवताची पेंढी आणून द्यावी, एवढी फजिती पुरे. तो भेद पुन्हां विसरला जाणार नाहीं.

आतां मुख्य गोष्ट माणसांची. आपण मित्राला म्हणतों, “आजोबा आले रे.” या लहानशा वाक्यांत दोन नातीं आहेत. ‘आला’ न म्हणतां ‘आले’ म्हटलें, तो आजोबांचा मान. आणि ‘रे’ म्हटलें, ती ऐकणाऱ्याशीं असलेली सलगी. कोरियन भाषा हीं दोन्ही नातीं क्रियापदाच्या पोटांतच बसविते. मित्राला सांगावयाचें तर ‘हाराबॉजी ओश्यॉस्सॉ’. हीच गोष्ट गुरुजींना सांगावयाची तर ‘हाराबॉजी ओश्यॉस्सॉयो’. मधल्या ‘श्यॉ’मध्यें आजोबांचा आदर आहे, शेवटच्या ‘यो’मध्यें गुरुजींचा. कांहीं ठिकाणीं शब्दच बदलतो. लहानाचें जेवण, निजणें, नांव, वय यांना एक शब्द. वडीलधाऱ्यांच्या जेवणाला, निजण्याला, नांवाला, वयाला दुसरा. हांक मारण्यासाठींही तेथें नात्याचा आधार घेतात. खाणावळीच्या बाईला ‘इमो’ म्हणतात, आणि ‘इमो’ म्हणजे आईची बहीण. आपल्या मंडईंतल्या भाजीवालीला ‘मावशी’ म्हणणाऱ्याला हें समजावून सांगावें लागत नाहीं.

म्हणून त्या दुकानाभोंवतीं रचनाकारानें माणसें नेमून ठेवावींत: वृद्ध मालकीण, तिचा शाळकरी नातू, शेजारचा समवयस्क दुकानदार, दूरचा अनोळखी गिऱ्हाईक. बातमी एकच, पण ती चौघांना चार तऱ्हांनीं सांगावयाची. आणि चूक झाली तर पडद्यावर लाल फुली काढूं नये. मालकिणीशीं एकेरींत बोलल्यास तिनें क्षणभर गप्प व्हावें आणि तोंड तव्याकडे वळवावें. उलट नातवाशीं फार अदबीनें बोलल्यास त्यानें खुदकन् हंसावें. मग त्या नातवानेंच जातां जातां बरोबर शब्द हळूच कानांत सांगावा. चूक ही गुणांची वजाबाकी नसून माणसाच्या मनावर उमटलेला ओरखडा आहे, हें खेळणाऱ्याला अशानें कळतें.

याचें महत्त्व केवळ शिष्टाचारापुरतें नाहीं. दक्षिण कोरियांत परदेशी कामगारांना परवान्यानें कामास घेण्याची योजना २००४ पासून चालू आहे. नेपाळ, श्रीलंका, व्हिएतनाम, इंडोनेशिया अशा देशांचे कामगार तिच्यामार्फत तेथें जातात, आणि त्यासाठीं त्यांना कोरियन भाषेची परीक्षा द्यावी लागते. परीक्षा परीक्षागृहांत होते. काम यंत्रापाशीं होतें. कोरियन वाक्यांत क्रियापद शेवटीं येतें, आणि मनाई त्याच्याही मागून. ‘मान्जीजी मासेयो’ म्हणजे ‘हात लावूं नका’. यांतला ‘नका’ अगदीं टोंकाला आहे. ज्यानें अर्धेंच वाक्य ऐकलें, त्याला ‘हात लावा’ एवढेंच कळलें! इंग्रजींत नकार आधीं येतो, म्हणून त्या संवयीचा कान येथें फसतो. मराठीची घडण कोरियनसारखीच असल्यामुळें मराठी कान शेवटापर्यंत थांबावयास तयार असतो. तरी घाईंत आणि गोंगाटांत तोही चुकूं शकेल. खऱ्या यंत्रापुढें ही चूक बोटावर बेततें. खेळांतल्या यंत्रापुढें डाव पुन्हां मांडतां येतो. जेथें चुकीची किंमत मोजावी लागते तेथें जाण्यापूर्वीं, जेथें ती लागत नाहीं तेथें पोटभर चुकून घ्यावें, हाच अशा खेळाचा खरा उपयोग.

मदत किती द्यावी, हा रचनाकारापुढचा अवघड प्रश्न. प्रत्येक वाक्याखालीं भाषांतर छापलें तर डोळे भाषांतरच वाचतात आणि कान झोंपीं जातात. २०२३ सालीं फ्रान्समधील एका लहान मंडळीनें ‘चांट्स ऑफ सेनार’ नांवाचा खेळ काढला. त्यांतल्या भाषा काल्पनिक आहेत. पण त्यांतली एक युक्ति घेण्यासारखी आहे. खेळणारा प्रसंगावरून चिन्हाचा अर्थ ताडतो, तो आपल्या वहींत लिहितो, आणि कांहीं चिन्हें चित्रांशीं बरोबर जुळलीं म्हणजेच खेळ त्यांवर मान्यतेचा शिक्का मारतो. स्वतः ताडलेला अर्थ सांगितलेल्या अर्थापेक्षां खोल रुजतो. दुसरी गोष्ट उजळणीची. हर्मान एबिंगहाउस यानें १८८५ मध्यें दाखवून दिलें, कीं पाठ केलेलें प्रथम झपाट्यानें आणि मग सावकाश विसरलें जातें. म्हणून आज शिकलेला शब्द उद्यां एका गिऱ्हाइकाच्या तोंडीं यावा, मग चार दिवसांनीं दुसऱ्याच्या, मग पंधरवड्यानें पत्रांत किंवा पाटीवर. उजळणी व्हावी, पण ती उजळणी आहे असें वाटूं नये.

एवढें करूनही खेळ सर्व काम करील, अशी अपेक्षा धरूं नये. इंग्रजी बोलणाऱ्याला कोरियन भाषा कामापुरती येण्यास वर्गांतले सुमारें २,२०० तास लागतात, असा अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याच्या शिक्षणसंस्थेचा अंदाज आहे. पडद्यावरची म्हातारी कितीही हुबेहूब असली, तरी तिला मोजकींच वाक्यें येतात. जिवंत माणूस मध्येंच विषय बदलतो, थट्टा करतो, रागावतो. खेळानें शिकणाऱ्याची भीड मोडावी, कान तयार करावा, समोरचा कोण आहे हें पाहून तोंड उघडण्याची संवय लावावी, आणि मग आपण होऊन बाजूस व्हावें. खेळणाऱ्यानें एके दिवशीं पडदा मिटावा आणि खऱ्याखुऱ्या ‘इमो’पुढें उभें राहून दोन धिरडीं मागावींत. तीं दोनच मिळालीं आणि बरोबर एखादें हंसूंही मिळालें, तर खेळ रचणाऱ्याचे श्रम सार्थकीं लागले.