दंतवैद्य आणि लस

काल्हेर हें भिवंडी तालुक्यांतील खाडीकाठचें गांव. ठाण्याहून भिवंडीकडे निघालें, कीं कशेळीचा पूल ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर तें लागतें. आज येथें मालाचीं गोदामें पसरलीं आहेत. दूरदूरचे हमाल व मोटारचालक येथें ये-जा करितात. अशा वस्तींत दांत दुखूं लागला, कीं मनुष्य जवळच्या दंतवैद्याकडे धांव घेतो, आणि दांताबरोबर मनांतील इतर शंकाहि त्याच्यापुढें मांडतो. २०२१ सालीं घरोघरीं एकच शंका होती: करोनाची लस घ्यावी कीं न घ्यावी? म्हणून दंतवैद्याचें स्वतःचें मत काय, ह्या प्रश्नाला त्याच्या खासगी निवडीपेक्षां अधिक महत्त्व आलें.

दंतवैद्याचा धंदाच असा, कीं रोग्याचें तोंड झांकून त्याला काम करितां येत नाहीं. दांत कोरणारें यंत्र अतिशय वेगानें फिरतें. तें तापूं नये म्हणून त्यावर पाण्याची धार सोडावी लागते. ही धार लाळेंत मिसळते व तिचे सूक्ष्म तुषार हवेंत उडतात; आणि करोनाचा विषाणु लाळेंत असतो. म्हणूनच मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली, तेव्हां दांतांचे बहुतेक दवाखाने बंद पडले. १६ जानेवारी २०२१ रोजीं देशांत लसीकरण सुरू झालें, तेव्हां आरोग्यसेवकांच्या पहिल्या रांगेंत दंतवैद्यांनाहि स्थान मिळालें.

तथापि आरोग्यसेवकांतील कित्येकजण प्रारंभीं कचरले, आणि दंतवैद्य त्यास अपवाद नव्हते. त्यांच्या शंका अडाणीपणाच्या नव्हत्या. एरवीं ज्या कामास अनेक वर्षें लागतात, तें एका वर्षांत कसें झालें? हैदराबादच्या कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ रोजीं परवानगी मिळाली, तेव्हां तिच्या परिणामकारकतेचे तिसऱ्या टप्प्याचे आंकडे हातीं आले नव्हते. पहिले आंकडे मार्चमध्यें जाहीर झाले. पुण्याच्या कोव्हिशिल्डच्या दोन मात्रांतील अंतर आधीं चार आठवडे, मग सहा ते आठ, आणि मे महिन्यांत बारा ते सोळा आठवडे झालें. पुरावा वाढला, कीं शास्त्राचें मत बदलतें, हें वैद्य जाणतो. पण रोग्यास तें धरसोडीसारखें वाटतें.

हा पेंच मुंबईला नवा नव्हे. १८९६ सालीं शहरांत प्लेग आला, तेव्हां वाल्डेमार हाफकिन ह्यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुढें भायखळ्याच्या तुरुंगांतील, स्वेच्छेनें तयार झालेल्या कैद्यांवर तिची कसोटी झाली. परंतु १९०२ सालीं पंजाबांतील मुल्कोवाल येथें ही लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. ठपका हाफकिन ह्यांच्यावर आला. दोष प्रयोगशाळेंतला नसून टोंचण्याच्या जागीं बाटली उघडतांना शिरला, हें मागाहून दिसून आलें, आणि १९०७ सालीं ते दोषमुक्त ठरले. परळच्या त्यांच्या संस्थेस १९२५ पासून त्यांचेंच नांव आहे. लस चांगली असली, तरी ती टोंचणारा हात आणि तिच्याविषयीं बोलणारें तोंड हीं दोन्ही स्वच्छ असावीं लागतात, असा ह्या इतिहासाचा अर्थ.

मग विचारणाऱ्यास दंतवैद्यानें काय सांगावें? लसीनें संसर्ग पुरता टळत नाहीं, परंतु गंभीर आजार व मृत्यु ह्यांचा धोका पुष्कळच घटतो. हात दुखणें, एखाद-दोन दिवस ताप येणें हें नेहमींचें. कोव्हिशिल्डच्या जातीच्या लसीनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याचे प्रकार घडले, पण ते फार विरळा. ही शेवटची गोष्ट लपविली, कीं पहिल्या दोन गोष्टींवरचाहि विश्वास उडतो. रक्ताशीं नित्य संबंध येतो म्हणून कावीळ-बची लस दंतवैद्य एरवीं घेतच असतात. तेथें शंका उरली नाहीं, कारण दीर्घ अनुभवानें ती फेडली.

१० जानेवारी २०२२ रोजीं आरोग्यसेवकांना तिसरी मात्रा मिळूं लागली. हाफकिन ह्यांनीं सुई घेतली त्यास त्याच दिवशीं बरोबर १२५ वर्षें झालीं होतीं. स्वतः सुई घेऊन मग तिचे गुणदोष उघडपणें सांगणें, हाच मार्ग तेव्हांहि होता. काल्हेरसारख्या गांवांत मोठ्या इस्पितळाच्या पत्रकापेक्षां ओळखीच्या वैद्याचा शब्द लोकांना अधिक पटतो. तेवढी त्या शब्दाची जबाबदारीहि अधिक.